दूधसाप : बंदिवासातील पैदास व आहार

दूधसाप (लॅम्प्रोपेल्टिस ट्रायँग्युलम) हा अमेरिका खंडातील बिनविषारी साप. तो गोठ्यात शिरून गाईचे दूध पितो, या समजुतीवरून त्याला हे नाव पडले. आपल्याकडे हाच आळ धामणीवर आहे. पुण्याजवळच्या मारुंजीसारख्या गावात गोठ्यांच्या जागी इमारती आल्या, तरी तो पुसलेला नाही. वास्तविक सापाला दूध ओढण्याजोगे ओठ नसतात आणि त्याचे दात आत वळलेले असतात. तो गोठ्यात येतो उंदरांसाठी. नागपंचमीला साप दूध पिताना दिसतो, असा आक्षेप येतो. पण अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला प्राणी समोर येईल तो द्रव पितो. त्यावरून त्याचा आहार ठरत नाही.

दूधसापाची पैदास तुलनेने सोपी आहे. हिवाळ्यात दोन-तीन महिने गारव्यात ठेवल्यावर वसंतात मीलन होते. अंडी सुमारे दोन महिन्यांत फुटतात. खरी कसोटी पिल्लांच्या पहिल्या घासाची. लहान जातींची पिल्ले निसर्गात सरड्यांवर जगतात आणि उंदराचे नवजात पिल्लू नाकारतात. म्हणून त्याला सरड्याचा वास लावून देतात. हा साप इतर सापही खातो, तेव्हा पिल्ले वेगवेगळी ठेवावीच लागतात. हीच रीत धामणीला लावावी, असे कोणी म्हणेल. मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार धामण घरी पाळता येत नाही. ती पाहायची तर पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान आहे. घरात साप शिरल्यास वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे.