डबाबंद मांस अन् नूडल्सचा झटपट रस्सा : कोरियाचं 'बुदे जिगे' कसं बनतं?

'बुदे' म्हणजे लष्करी तुकडी, 'जिगे' म्हणजे रस्सा. १९५०-५३ च्या युद्धानंतर दक्षिण कोरियात खायची भ्रांत होती. अमेरिकन छावण्यांतून बाहेर आलेलं डबाबंद मांस लोकांनी किमची (तिखट घालून आंबवलेला कोबी) अन् तिखटासोबत शिजवलं. १९६३ पासून तिथं इन्स्टंट नूडल्स बनू लागल्या, पुढे त्याही यात आल्या. सोलजवळचं उइजोंगबू शहर आजही या रश्शासाठी प्रसिद्ध आहे.

कृती (दोघांसाठी) : डबाबंद मांसाचे १५० ग्रॅम पातळ काप, एक कांदा, चार लसूण पाकळ्या, वाटीभर किमची अन् चमचाभर तिखट पातेल्यात घ्या. तीन कप पाणी ओतून १० मिनिटं उकळा. शेवटी नूडल्सचं एक पाकीट टाकून ३-४ मिनिटं शिजवा.

मीठ वरून घालू नका. मांस, किमची अन् नूडल्सचा मसाला, तिन्ही खारट असतात. मसाला अर्धाच वापरा. बीपी असलेल्यांनी हा रस्सा जपूनच खावा.

डबा घेताना हे बघा :
- फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा फेकून द्या, चाखूनही पाहू नका. त्यातल्या विषाने जीव जाऊ शकतो.
- लेबल वाचा. अशा डब्यात बहुधा डुकराचं मांस असतं.
- उरलेलं मांस झाकणाच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, ३-४ दिवसांत संपवा. फ्रीज नसेल तर लहान डबा घ्या.