मुंबईतील जागेचे मोल

ज्ञातिबांधवांत वधूवरांची चौकशी करताना हल्ली कुळाआधी ‘जागा स्वतःची आहे काय?’ असे विचारले जाते. या प्रश्नाचे मूळ शोधू जाता आम्हांस बरेच मागे जावे लागते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि मुंबईच्या व्यापारात पैशाचा पूर आला. तो पैसा जमिनीकडे धावला. समुद्र बुजविणाऱ्या कंपनीचे भाग कितीतरी पटीने विकले गेले. १८६५ साली युद्ध थांबले व तो डोलारा कोसळला. १८६४ साली ८,१६,५६२ असलेली वस्ती १८७२ साली ६,४४,४०५ भरली.

पैसा व माणसे वाढली की भाव चढतात, हे खरे. पण तेवढेच नव्हे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. गिरगावातील आमच्या बिऱ्हाडांना त्यानेच तारले, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो; परंतु भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणे कोणास परवडेना आणि पागडी बोकाळली. १९७६ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने मोकळी जमीन लोकांच्या घरांसाठी मिळेल अशी आशा होती. पुष्कळशी कज्ज्यांतच अडकली. १९९१ नंतर व्यापार फोफावला, गृहकर्जे सुलभ झाली. बेट मात्र तेवढेच राहिले. आमची कितीतरी कुटुंबे डोंबिवलीस गेली. संमेलन अद्याप गिरगावातच भरते. परतीच्या गाडीसाठी पंगत तेवढी लवकर उठते.