वडगांवचे ओलीस

आंदर मावळाच्या दक्षिणेस वडगांव आहे. जानेवारी १७७९ मध्यें पुण्यावर चालून आलेली मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांनीं तेथेंच कोंडिली व तह लिहून घेऊन परत जाऊं दिली. फार्मर व स्टुअर्ट ओलीस राहिले. पुढें कंपनीनें तह नाकारिला. ओलिसांचे प्राण महादजी शिंद्यांच्या हातीं होते. तरी १७८० सालीं त्यांनीं दोघांस गॉडर्डच्या छावणींत धाडिलें. यांत राजकारण होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण शत्रूस क्षमा करण्याची शिकवण ज्यांच्या धर्माची, त्यांनीं वचन मोडावें आणि दया मात्र महादजींनीं दाखवावी! मावळच्या लोकांनींही वैर धरिलें नाहीं. त्याच स्वारींत कारल्यास पडलेल्या दुसऱ्या स्टुअर्टास, ‘इष्टुर फांकड्या’स, वडगांवीं त्याच्या थडग्यापाशीं आजही मान मिळतो.