ओसरीवर उघडलेलं इंजिन

जावा किंवा येझदीच्या डाव्या अंगाला एकच दांडी असते. इंजिनाकडे दाबून वर फिरवली की ती किक होते आणि गाडी सुरू झाली की खाली येऊन गिअरची दांडी होते. गिअर टाकताना हातातला क्लच दाबायचा राहिला तरी बिघडत नाही, कारण दांडीवर पाय पडला की क्लच आपोआप सुटतो. चेकोस्लोव्हाकियात आखलेली ही करामत १९६१पासून म्हैसूरला तयार होऊ लागली आणि १९९६मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत जवळजवळ तशीच राहिली. त्यालाही आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. तरी पुण्यात, कोल्हापुरात, बेळगावात या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. त्याचं श्रेय ओसरीवर पाने मांडून बसणाऱ्या मालकांना आणि गल्लीतल्या मेस्त्र्यांना द्यायला हवं.

जुनी फटफटी घरीच उघडायची, हा रिवाज आपल्याकडे टंचाईने लावला. हौस त्यात पुढे मिसळली.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाशी सापडते. फौजांसाठी बनलेल्या मोटरसायकली युद्ध संपल्यावर लिलावात निघाल्या. त्यात बीएसएची एम२० होती. हे एकच मॉडेल सव्वा लाखाच्या आसपास बनलं होतं. पाचशे सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम १३ अश्वशक्तीची, पण कुठल्याही रस्त्याला आणि कुठल्याही पेट्रोलला न कुरकुरणारं. नॉर्टन १६एच, मॅचलेस, हार्ले-डेव्हिडसनची डब्ल्यूएलए याही याच वाटेने नागरी हातांत आल्या. दिल्लीत हार्लेला मागे डबा जोडून प्रवासी वाहतूक सुरू झाली. फाळणीनंतर आलेल्या कितीतरी निर्वासितांनी तिच्यावर संसार उभे केले आणि लाल किल्ल्याच्या परिसरात या फटफट्या १९९०च्या दशकापर्यंत धावत राहिल्या. मूळ इंजिनं थकली तेव्हा त्यांत डिझेल इंजिनं बसली. कुठल्याही कारखान्याच्या नकाशात नसलेलं वाहन मेस्त्र्यांनी जवळजवळ अर्धशतक चालवून दाखवलं.

सुटे भाग मिळणं मात्र लवकरच मुश्कील झालं. देशाकडे परकीय चलन नव्हतं, आयातीवर बंधनं आली. १९५३च्या टॅरिफ कमिशनने धोरण स्पष्ट केलं. ज्यांना भाग इथेच बनवायचे नाहीत, नुसती जुळणी करायची आहे, त्यांना इथे जागा नाही. मुंबईत शिवडीला १९२८पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स त्यानंतर वर्षभरात गाशा गुंडाळून गेली. ज्याच्या दारात बीएसए किंवा नॉर्टन उभी होती त्याच्यापुढे मग दोनच रस्ते उरले. गाडी भंगारात द्यायची, नाहीतर तुटलेला भाग हातात घेऊन लेथवाल्याकडे जायचं.

त्याच सुमारास देशी गाड्या आल्या. १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि लष्कराला हव्या असलेल्या ३५० सीसीच्या बुलेट तिथे बनू लागल्या. म्हैसूरला रुस्तम आणि फारूख इराणी यांनी महाराजा जयचामराजेंद्र वाडियार यांच्या पाठबळाने ‘आयडियल जावा’ काढली. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत बनवली आणि ती दूधवाल्यांची, ग्रामसेवकांची, खेड्यातल्या डॉक्टरांची गाडी झाली. तिन्ही गाड्यांचा कुळाचार परदेशी. पण ज्या देशांतून त्या आल्या, तिथे ही मॉडेलं लवकरच मागे पडली. इंग्लंडमधली मूळ एनफिल्ड तर १९७०मध्ये संपलीच. इथे मात्र परवान्यांच्या राज्यात स्पर्धा नव्हती. त्यामुळे कंपन्यांना रचना बदलायची निकड वाटली नाही.

या गोठलेल्या रचनेवर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्त होती. ब्रेक कमी पडत, दिवे मिणमिणते. पण घरी दुरुस्ती करणाऱ्याला हीच गोष्ट वरदान ठरली. किरकोळ फरक सोडले तर १९६५च्या गाडीचा भाग १९८५च्या गाडीला लागे. वडिलांनी शिकलेलं मुलाच्या कामी येई. एका गाडीवर बसलेला हात दुसऱ्या गाडीवर तसाच चाले. ज्ञान साठत गेलं, कारण यंत्र बदलत नव्हतं. नवी गाडी घेणं सोपंही नव्हतं. बजाज चेतकसाठी नोंदणी करून लोक वर्षानुवर्षं थांबत, तिथे दारातली चालती गाडी मोडीत काढण्याचा विचार कोणी कशाला करेल?

रविवारी सकाळी वाड्याच्या चौकात गाडी स्टँडला लागे. शेजारी जुनी परात, त्यात बोटभर रॉकेल, चिंध्या, आणि उघडलेले नट-बोल्ट हरवू नयेत म्हणून एखादा पत्र्याचा डबा. रॉकेल रेशनवर मिळे. त्यामुळे गाडीच्या परातीत ओतलेलं प्रत्येक माप स्वयंपाकघरातल्या स्टोव्हच्या वाट्यातून गेलेलं असे, आणि त्यावरून घराघरांत खटके उडत.

येझदीचं टायमिंग लावणं ही या रविवारांची खरी परीक्षा. आधी प्लग काढायचा आणि भोकातून खुणा केलेला सायकलचा आरा आत सोडायचा. पिस्टन अगदी वर आला की आरा थांबतो. तिथून इंजिन उलटं फिरवून पिस्टन तीन-सव्वातीन मिलिमीटर खाली आणायचा. नेमके त्याच जागी पॉइंट उघडले पाहिजेत. उघडले की नाही हे डोळ्यांना नीट कळत नाही. म्हणून सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलक्या हाताने ओढत राहायचं. कागद सुटला, तो क्षण. मग प्लेटचा स्क्रू आवळायचा. आवळताना प्लेट केसभर सरकली तर पुन्हा पहिल्यापासून. हे ज्याला जमलं त्याची गाडी अर्ध्या किकेत सुरू होई. ज्याला जमलं नाही त्याला ती उलटी किक मारून पोटरी दुखवी.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, लिटरमागे साधारण ३० ते ४० मिलिलिटर. ते जळून काजळी धरते आणि काही महिन्यांत गाडी चढावर दमायला लागते. जावाचं सिलिंडर एक असलं तरी सायलेन्सर दोन. दोन्हींच्या आतल्या नळ्या ओढून काढायच्या, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायच्या किंवा परसात जाळ करून भाजायच्या, मग तारेच्या ब्रशने घासायच्या. फाटलेल्या गॅस्केटवरचा इलाजही घरचाच होता. इंजिनाच्या कडेवर जाड पॅकिंग कागद ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जायचं. धातूची धारच कागद कापते आणि भोकांसकट हुबेहूब गॅस्केट हातात येतं.

बुलेटवाल्यांची दुनिया वेगळी. त्यांच्या गाडीचे बरेचसे आटे जुन्या इंग्रजी मापांचे, विटवर्थच्या घराण्यातले. देशाने मेट्रिक मापं स्वीकारल्यावरही बुलेटच्या मालकाला जुन्या पान्यांचा संच जपून ठेवावा लागे. चुकीचा पाना लावून बोल्टची डोकी गोल करणारा माणूस त्या वर्तुळात फार लवकर ओळखला जाई. पण बुलेट उघडायला मनमोकळी होती. टॅपेट लावायला मोजपट्टीसुद्धा नको. इंजिन थंड असताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतील अशा जागी पिस्टन वर आणायचा आणि पुशरॉड दोन बोटांत धरून बघायचा. तो सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. बस, एवढंच माप.

घरी मात्र सगळं होत नसे, आणि हे समजणं हा शहाणपणाचा भाग होता. सिलिंडर झिजलं की बोर मारून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. क्रँकमधली कनेक्टिंग रॉड बदलायची तर प्रेस लागते आणि नंतर क्रँक सेंटरला धरून सरळ करावा लागतो. त्यासाठी पुण्याचा माणूस नाना पेठेत जाई. तिथे दुचाकींच्या सुट्या भागांचा बाजार होता. जे नवं मिळत नसे ते बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगातून हुडकावं लागे. कोल्हापूरचं उद्यमनगर याहून एक पाऊल पुढे. ऑइल इंजिनांच्या आणि पंपांच्या धंद्यावर तिथे फाउंड्र्या आणि लेथ उभे राहिले होते. त्यामुळे तुटलेला भाग नमुना म्हणून दिला तर ओतकाम, कटाई, आटे सगळं एकाच वसाहतीत होऊन जाई. घर, लेथ आणि जुना बाजार या तिघांच्या जोरावर गाडी टिकली. यातला एक जरी निखळला असता तरी बाकीच्या दोघांना ती वाचवता आली नसती.

गाडीत बदल करण्याची हौस याच व्यवस्थेत वाढली. सुरुवात साध्या गोष्टींपासून होई. पुढे लेगगार्ड, मागे बसणारीसाठी साडीगार्ड, रुंद हँडल, टाकीवर हाताने काढलेली पट्टी. बुलेटला ‘गोल्डस्टार’ पद्धतीचा सायलेन्सर लावणं ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची आवड. हल्ली ज्यांना सर्रास इंदोरी सायलेन्सर म्हणतात आणि जे जप्त करून पोलीस रस्त्यावर रोलरखाली चिरडतात, त्यांचं समर्थन करता येणार नाही. रात्री गल्ली उठवण्यापलीकडे त्यांत कसलीही कारागिरी नाही.

कारागिरी बघायची तर डिझेल बुलेट बघावी. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, हा फरक शेतकऱ्याच्या खिशाला सतत टोचत असे. शेतात, रिक्षांत वापरली जाणारी ग्रीव्हज-लोंबार्डिनीची ३२५ सीसीची डिझेल इंजिनं बाजारात होतीच. मेस्त्र्यांनी ती बुलेटच्या चेसिसमध्ये बसवली. इंजिन बसतं, पण ते बुलेटच्या गिअरबॉक्सशी जुळत नाही, म्हणून मधली प्लेट नव्याने कापायची. कंपन इतकं, की आरसे आणि दिव्याच्या काचा टिकत नसत, म्हणून माउंटिंग भक्कम करायचं. पुढे एनफिल्डनेच ‘टॉरस’ नावाची डिझेल बुलेट काढली. साडेसहा अश्वशक्ती, ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास धाव, आणि लिटरमागे सत्तरच्या पुढे किलोमीटर. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर ती बंद झाली, पण पंजाबात आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तिने दीर्घकाळ घामाचा पैसा वाचवला. मेस्त्र्यांची डिझेल बुलेट हे भारतीय घरगुती यंत्रकलेतलं सर्वांत मोलाचं काम मानायला हरकत नाही.

१९८४-८५मध्ये वारं फिरलं. इंड-सुझुकी, यामाहाची आरएक्स१००, हिरो होंडाची सीडी१०० एकापाठोपाठ आल्या. सीडी१००ची जाहिरात गिऱ्हाइकाला सांगत होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि गाडीला विसरून जा. लिटरला ८० किलोमीटर चालणारी, महिनोन्‌महिने उघडावी न लागणारी गाडी लोकांना हवीच होती, आणि ती मिळाली हे चांगलंच झालं. पण ज्या गाडीला विसरायचं, तिच्या इंजिनाशी मालकाची ओळख व्हायची कशी? पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, सिगारेटचा कागद निकामी झाला. १९९६मध्ये म्हैसूरचा कारखाना थांबला तेव्हा येझदी भंगाराच्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. कित्येक गाड्यांची इंजिनं पाण्याच्या पंपांना लागली, कित्येक पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी गंजत राहिल्या.

नंतरच्या पिढीने त्या पुन्हा बाहेर काढल्या. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशातल्या अनेक शहरांत जावा-येझदीवाले एकत्र जमतात, आणि तिथे गाड्यांच्या रांगेइतकीच गर्दी एखाद्या उघडलेल्या कार्बुरेटरभोवती असते. मागणी आली तसे रबरी बुश, केबल, टाकीवरचे बिल्ले पुन्हा बनू लागले. भागांची चणचण कमी झाली आहे. खरी चणचण आहे ती क्रँक सरळ करणाऱ्या हाताची. नाना पेठेतला किंवा उद्यमनगरातला तो मेस्त्री म्हातारा झाला आहे आणि त्याच्या हाताखाली पोरगा नाही. या कामाला आयटीआयमध्ये एखादा छोटा अभ्यासक्रम मिळाला तर त्यावरचा पैसा वाया जाणार नाही.

गाडीतल्या बदलांना मात्र कायद्याने सीमा आखली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तो अर्थ आणखी घट्ट केला. रंग बदलणं किंवा किरकोळ जोड चालते, पण मूळ रचनेला हात लावता येत नाही. जुलै २०२१मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला २०,००० रुपये भरून दहा वर्षांसाठी ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. मात्र तिच्या चेसिसमध्ये किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

येझदीची रोडकिंग १९७८मध्ये बाजारात आली. म्हणजे तिच्या पहिल्या गाड्या २०२८मध्ये पन्नाशीला पोहोचतील. त्यातल्या ज्या चालत आल्या, त्या कधी दुसऱ्या गाडीच्या क्रँकवर, कधी लेथवर बनलेल्या बुशवर, कधी जुन्या बाजारातल्या हेडवर चालत आल्या आहेत. त्यांना मूळ स्वरूपातल्या म्हणायचं की नाही, याचा निर्णय परिवहन कार्यालयातल्या निरीक्षकाला गाडीपाशी उकिडवं बसून, चेसिसवरचा क्रमांक टॉर्चने वाचत करावा लागणार आहे.