जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण आजवर देवळें, घाट, बारवा व धर्मशाळा यांच्यासाठींच राखून ठेविला आहे. तो एखाद्या गंजलेल्या मोटारसायकलीस लाविला तर कित्येक वाचकांस हसूं येईल. परंतु मुंबईच्या उपनगरांत आज जें चाललें आहे तें पाहिलें म्हणजे आम्हांस दुसरा शब्द सुचत नाहीं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील जुन्या इमारती पुनर्विकासासाठीं एकामागून एक पाडल्या जात आहेत. घर रिकामें करण्याची वेळ आली कीं जिन्याखालीं, पाण्याच्या टाकीमागें, ताडपत्रीखालीं वर्षानुवर्षें उभी असलेली वडिलांची किंवा मामांची जावा, राजदूत नाहीं तर बुलेट दृष्टीस पडते. भंगारवाला लोखंडाच्या वजनानें भाव सांगतो. मुलगा म्हणतो, ही आपण घरींच दुरुस्त करूं. आणि ज्यांनीं ती एके काळीं चालविली ते गृहस्थ गप्प राहतात. ह्या तिघांपैकीं बरोबर कोण, हें त्या गाडीच्या इतिहासावांचून ठरवितां येणार नाहीं.

स्वातंत्र्यापूर्वीं मोटारसायकल ही आपल्याकडे विलायती वस्तु होती. बीएसए, नॉर्टन, मॅचलेस ह्या गाड्या साहेबांच्या, पोलिसांच्या व लष्कराच्या. महायुद्ध संपल्यावर लष्करानें विकून टाकलेल्यांपैकीं कांहीं सामान्य माणसांच्या हातीं आल्या, इतकेंच. पुढें परकीय चलनाची चणचण आणि देशी उद्योगांस उत्तेजन देण्याचें धोरण यांमुळें बाहेरच्या गाड्यांची वाट बंद होत गेली. १९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, देशांत सुटे भाग बनविण्याची ज्यांची तयारी नव्हती अशा परदेशी मोटार कंपन्यांस गाशा गुंडाळावा लागला; शिवडीस १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ सालीं बंद झाला तो त्याच लाटेंत. ह्याच दशकांत देशी दुचाकींचा जन्म झाला. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्डची बुलेट निघूं लागली. भांडुपास १९४९ सालीं स्थापन झालेली ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी इटालियन लँब्रेटा स्कूटर जुळवूं लागली. साठच्या दशकाच्या आरंभीं एस्कॉर्ट्सची पोलिश धाटणीची राजदूत आली, आणि १९६१ सालीं रुस्तम व फारूख इराणी यांच्या म्हैसूर येथील कारखान्यांतून जावा बाहेर पडली.

ह्या जावाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. फ्रांटिशेक यानेचेक ह्या चेक शस्त्रास्त्र-कारखानदारानें १९२९ सालीं जर्मनीच्या वांडरर कंपनीची मोटारसायकल बनविण्याचा परवाना घेतला, आणि यानेचेक व वांडरर ह्या दोन नांवांचीं आद्याक्षरें जुळवून ‘जावा’ हें नांव केलें. यवद्वीपाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. महायुद्धांत तो देश जर्मनांच्या टांचेखालीं असतां कारखान्यांतील तंत्रज्ञांनीं राज्यकर्त्यांच्या नजरेआड अडीचशें सीसीचें नवें यंत्र सिद्ध केलें, आणि १९४६ सालीं तें पॅरिसच्या प्रदर्शनांत जगापुढें मांडलें. म्हैसूरची जावा ही त्याच यंत्राची वंशज होय. चोरून, मोजक्या साधनांनिशीं, मिळेल त्या वेळांत घडविलेल्या यंत्राची नात आज घाटकोपरच्या एखाद्या बाल्कनींत तशाच रीतीनें पुन्हां उभी राहावी, ह्यांत आम्हांस एक प्रकारचें औचित्य वाटतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. परवान्यांच्या त्या काळांत मागणी फार व उत्पादन थोडें. स्कूटरीसाठीं नांव नोंदवून कित्येकांनीं आठ-आठ, दहा-दहा वर्षें वाट पाहिली. गाडी मिळाली कीं ती आयुष्यभरासाठीं. आणि ज्या कारखान्याचा माल हातोहात खपतो त्याला नमुना बदलण्याची घाई कशाला असेल? १९७३ च्या सुमारास म्हैसूरच्या गाडीचें नांव इराणांतील यझ्द शहरावरून ‘येझ्दी’ झालें, रूपांत फेरफार झाले. परंतु दोन धक्क्यांच्या एकाच सिलिंडरचें तें मूळ यंत्र १९९६ सालीं कारखान्याचें दार बंद होईपर्यंत फारसें हललें नाहीं. बुलेटची तीच कथा. अर्थशास्त्रज्ञ ह्या स्थितीला मागासलेपणा म्हणतील, आणि तें खोटें नाहीं. पण त्याच मागासलेपणाचें एक फळ आज आपल्या पदरांत पडतें: तीन-तीन दशकें एकच पिस्टन, एकच केबल, एकच क्लच-प्लेट बनत राहिल्यामुळें कारखाना मेल्यावरहि त्याचे सुटे भाग मेले नाहींत. लहान लहान उत्पादक ते अजून बनवितात, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीं तर चोर बाजारांत जुने भागहि अधूनमधून सांपडतात. विलायतेंत तितकीच जुनी एखादी गाडी सुधारावयाची म्हणजे श्रीमंतांचा छंद. आपल्याकडे ती पगारदार माणसाच्या आवांक्यांत राहिली, ती टंचाईच्या कृपेनें.

दुसरें कारण उपनगरांच्या घडणींत आहे. मुंबई महापालिकेची हद्द १९५० सालीं जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ सालीं दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, आणि त्याच काळांत ह्या पट्ट्यांत कारखाने उभे राहिले: कुर्ल्यास प्रीमियर, कांदिवलीस महिंद्र, विक्रोळीस गोदरेज, भांडुपास सिएट. त्यांच्या भोवतीं फिटर, टर्नर, वेल्डर यांची वस्ती झाली. मोठे कारखाने पुढें एकेक करून गेले किंवा आक्रसले. तथापि साकीनाक्याच्या व मरोळच्या गाळ्यांत लेथ अजून फिरतो आहे, आणि सिलिंडर रिबोर करून देणारा किंवा क्रँक दाबून सरळ करणारा कारागीर विचारपूस केल्यास भेटतो. मात्र हे कारागीर आतां वयस्क झाले आहेत आणि त्यांचीं मुलें त्या धंद्यांत नाहींत. आमच्या मतें खरी घाई आहे ती येथें. गाडी आणखी दहा वर्षें ताडपत्रीखालीं थांबूं शकेल. तिचा मिस्त्री थांबणार नाहीं.

घरीं किती करतां येतें? पुष्कळ. जावाच्या यंत्रांत व्हॉल्व्ह नाहींत, कॅम नाहीं, तेलाचा पंप नाहीं. हलणारे मुख्य भाग म्हणजे पिस्टन, कनेक्टिंग रॉड व क्रँक. किक मारण्याचा दांडाच आंत दाबून पुढें वळविला कीं गिअरचा दांडा होतो, इतकी काटकसर चेक तंत्रज्ञांनीं केली आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयांत सांताक्रुझास एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाण्याखालीं गेलेल्या कित्येक गाड्या पुन्हां सुरूच झाल्या नाहींत. अशा जाम इंजिनावर हातोडी चालवूं नये. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल व तेल ओतावें, आठ-दहा दिवस तसेंच मुरूं द्यावें, मग गाडी गिअरमध्यें घालून मागचें चाक हलकेंच पुढें-मागें करावें. टाकींतील गंज काढण्यास किराणा दुकानांत मिळणारें सायट्रिक ॲसिड पुरतें. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवून टाकी कडक उन्हांत वाळवावी व आंत तेलाचा हात फिरवावा. तांब्या-पितळेचीं भांडीं चिंचेनें घासणाऱ्या आपल्या आजीबाईंस हें रसायनशास्त्र कोणी शिकविण्याची गरज नव्हती. पॉइंटमधलें अंतर फिलर गेजनें ०.४ मिलिमीटर ठेवणें, केबली बदलणें, ब्रेकचे शू नवे घालणें हीं कामें रविवारच्या दुपारीं होण्यासारखीं आहेत. क्रँकचें काम मात्र घरीं करूं नये; पैसा खर्चावयाचा तो तेथें, ब्रेकवर आणि टायरवर.

आणि क्रोमवर? येथें आमचें मत बहुतेक हौशी मंडळींस पटणार नाहीं. गाडी दुकानांतून आतांच आणल्यासारखी चकाकावी म्हणून टाकीवरचा मूळ रंग खरवडून काढणें व पुसट झालेली सोनेरी रेघ नव्यानें ओढणें, ह्याला जीर्णोद्धार म्हणतात खरा, पण देवळांच्या बाबतींतहि ऑइलपेंट फांसलेल्या दगडाला आपण जीर्णोद्धार म्हणतोंच. टाकीवर जेथें चालविणाऱ्याचे गुडघे वर्षानुवर्षें टेकले तेथला रंग झिजलेला असतो. ती झीज ही त्या घरची नोंद आहे. ती पुसण्यास पैसे लागतात आणि राखण्यास लागत नाहींत. ज्या काळांत ही गाडी रस्त्यावर होती तो काळच ठिगळाचा व डागडुजीचा होता. तेव्हां थोडक्या पैशांत, जुनें शक्य तितकें ठेवून केलेली दुरुस्ती ही तिच्या इतिहासाशीं अधिक प्रामाणिक आहे.

कायदाहि आतां ह्याच बाजूस झुकला आहे. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांवरील दुचाकी-चारचाकींस ‘विंटेज’ हा दर्जा दिला तो त्या मूळ स्वरूपांत असल्या, त्यांचा सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसला तरच. नव्या नोंदणीचें शुल्क वीस हजार रुपये ठरलें, आणि अशी गाडी नित्याच्या वापरास नेतां येत नाहीं. रोज स्टेशनापर्यंत नेण्याची इच्छा असणाऱ्यांस म्हणून नेहमींच्या नोंदणीचें नूतनीकरणच सोयीचें. त्यासाठीं अंधेरी, बोरिवली किंवा वडाळा येथील कार्यालयांत जावें लागतें. तेव्हां पाना हातीं घेण्यापूर्वीं कपाटांतील आर.सी. बुक शोधावें, आणि त्यांतील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं ताडून पाहावेत. कागद मूळ मालकाच्या नांवें असून ते हयात नसतील तर वारसांच्या संमतीनें हस्तांतर आधीं करावें. कागदांवांचून सुधारलेली गाडी ही शोभेची वस्तु होऊन बसते.

गाडी सुरू झाल्यावर एक पथ्य राहतें. दोन धक्क्यांच्या यंत्रास पेट्रोलांत तेल मिसळून द्यावें लागतें, लिटरमागें सुमारें तीस ते चाळीस मिलिलिटर. म्हणून तेलाची लहान बाटली गाडीबरोबर ठेवावी. शिवाय अलीकडे पंपांवर जें पेट्रोल मिळतें त्यांत वीस टक्के इथेनॉल असतें; तें हवेंतील ओल ओढतें आणि जुनें रबर खातें. पावसाळ्यांत चार दिवस गाडी काढावयाची नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.