पारव्याच्या घराण्यातली अळंबी

मराठीत पारवा हा पक्षी आहे आणि रंगही. कापडाच्या दुकानात 'पारवा दाखवा' म्हटलं, तर दुकानदार पिंजरा शोधायला जात नाही. युरोपातल्या रानांत एका अळंबीचं बारसं याच रीतीनं झालं. जर्मन तिला 'टॉयब्लिंग' म्हणतात, चेक 'होलुबिन्का', पोलिश 'गोवोंबेक'. तिन्ही नावांच्या पोटात कबूतरच आहे. करड्या-निळसर टोपीवर हिरवट-जांभळी झाक पाहून ते सुचलं असावं, असं मानतात.

पंडितांना मात्र दुसराच रंग दिसला. लिनियसनं १७५३ साली टोपीखाली पात्या असलेल्या साऱ्या अळंब्या 'अगारिकस' या एकाच मोठ्या वाड्यात कोंबल्या होत्या. त्यातून हे बिऱ्हाड वेगळं काढलं क्रिस्तियान पर्सून यानं, १७९६ मध्ये. केप ऑफ गुड होपला जन्मलेला, पोरवयातच युरोपात आलेला आणि पुढे पॅरिसमध्ये हलाखीत आयुष्य काढलेला हा माणूस. त्यानं नाव ठेवलं 'रुसुला'. लॅटिनमध्ये 'रुसुस' म्हणजे लाल. रुसुला म्हणजे लालसर, लालुली म्हणा ना.

कुळाचं नाव लालुली, पण पोरं सगळ्या रंगांची. 'विरेसेन्स' हिरवट, 'निग्रिकान्स' काळी पडत जाणारी, 'झेराम्पेलिना' वाळक्या द्राक्षपानाच्या रंगाची. 'एमेटिका' खरोखर लालभडक, पण तिचं नाव पडलं ते खाणाऱ्याला होणाऱ्या ओकाऱ्यांवरून. त्यातही पावसाची एक सर आली की हिचा रंग धुऊन जातो आणि लाल टोपी फिकट गुलाबी होऊन बसते. एकाच जातीत दहा छटा आणि दहा जातींत एकच छटा, अशी ही मंडळी. रंगावर विसंबून नावं ठेवणाऱ्यांची पुरती फजिती झाली.

मग ओळख पटवायला औषधांच्या बाटल्या आल्या. वाक्लाव मेल्झर या चेक शिक्षकानं १९२४ मध्ये आयोडीनचं एक द्रावण सुचवलं. त्यात रुसुलाचे बीजाणू बुडवले की त्यांच्यावरचे काटे आणि जाळी निळीकाळी होऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठसठशीत दिसतात. झेराम्पेलिनाच्या दांड्यावर लोहाच्या क्षाराचा खडा घासला की डाग हिरवा पडतो, आणि तिला वास येतो खेकड्याचा. एवढं करूनही हिशेब संपला नाही. पुस्तकांत बराच काळ जगभरच्या सुमारे ७५० जाती सांगत. डीएनए तपासायला लागल्यापासून एकेका जुन्या नावाखालून तीन-तीन, चार-चार जाती बाहेर पडताहेत.

रंगानं फसवलं, तरी एक खूण सहसा हटत नाही. साध्या अळंबीचा गर लांब धाग्यांचा असतो, म्हणून ती फाडली की दोरे निघतात. रुसुलाच्या गरात त्या धाग्यांमध्ये गोल पेशींचे झुबके ठासलेले असतात. ताण धरायला धागाच पुरेसा नाही, म्हणून दांडा खडूसारखा कट्कन मोडतो. तिची चुलत बहीण लॅक्टेरियसही तशीच मोडते, पण तिच्या जखमेतून चीक येतो. इंग्रजांकडे या कुळाला सरसकट असं घरगुती नावच नव्हतं. तिथल्या जाणकारांनी २००३ साली अळंब्यांच्या इंग्रजी नावांची यादी केली, तेव्हा हिचा रंग सोडून मोडण्याचा गुण उचलला आणि 'ब्रिटलगिल', म्हणजे ठिसूळ पात्यांची, हे नाव पक्कं केलं.

वाटलं, हे नाव तरी चुकणार नाही. पण याच घराण्यात 'सायनोझान्था' आहे, निळीपिवळी. तिच्या पात्यांवरून बोट फिरवलं तर त्या तुटत नाहीत; मऊ, तुपकट लागतात आणि वाकतात. युरोपातले अळंबी वेचणारे तिला चवदार मानतात आणि बोट फिरवूनच ओळखतात. घराण्याच्या नावाला न जागणारी ही पोर सगळ्यांत आधी ओळखू येते, ती त्या न जागण्यामुळेच.