एका पेनीची कथा

श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी बाब होय, असें आपण नेहमीं ऐकतों. मेथडिस्ट पंथाचा इतिहास मात्र आम्हांस निराळेंच कांहीं शिकवितो. १७३९ सालीं जॉन वेस्लीनें इंग्लंडांत ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानावर उपदेश आरंभिला, तेव्हां किंग्जवुडचे खाणमजूर हजारोंनीं लोटले. परंतु उपदेशानें पेटलेलें मन एकटें पडलें कीं विझूं लागे.

यावर उपाय सांपडला तो कर्जापायीं! ब्रिस्टल येथील सभागृहाचें कर्ज फेडण्यासाठीं १७४२ सालीं असें ठरलें कीं, प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी. सुमारें बारा जणांमागें एक पुढारी असावा, व त्यानें ती गोळा करावी. गरिबांची पेनी त्यानेंच भरावी. घरोघर फिरतांना पुढाऱ्यांस कोठें दारू, कोठें कलह दिसूं लागला. तें त्यांनीं वेस्लीस कळविलें. पुढें हे बारा जण दर आठवड्यास एकत्र बसूं लागले. तेथें चुकल्याची कबुली होई, खचलेल्यास धीर मिळे, सर्वांसाठीं प्रार्थना होई.

जमा करावयाचे होते पैसे, जुळलीं माणसें. वक्ता श्रद्धा जागवील. ती टिकवितो मात्र, आपली नित्य विचारपूस करणारा सोबतीच, असें आम्हांस वाटतें.